जादा तारण

अक्काची पिशवी काढली आणि रिपोर्ट आला : गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग, पहिली पायरी. पाळी जाऊन सोळा वर्षे झाल्यावर अंगावर थोडे रक्त गेले, तेव्हा 'उष्णतेने झाले असेल' म्हणून ती गप्प बसली नाही, म्हणून तो लवकर सापडला. आता शेक द्यायचा की नाही? भाचा म्हणाला, "मामा, पैशाचा विचार नको. जे जे असेल ते सगळं करून टाकू."

बँकेत असताना मीही जादा तारण घेऊन निश्चिंत होत असे. निश्चिंती माझी, बोजा कर्जदाराचा.

हॉलंडमधील डॉक्टरांनी 714 स्त्रियांच्या दोन गटांची तुलना 2000 साली प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेनंतर ओटीपोटाला बाहेरून शेक दिलेल्यांपैकी पाच वर्षांत 4 टक्के जणींचा रोग त्याच भागात उलटला. न दिलेल्यांपैकी 14 टक्के. इथवर वाचले की भाच्याचेच खरे वाटते. पण पाच वर्षांनी हयात किती? दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता! शेक न घेतलेल्यांचा रोग उलटला तो बहुधा योनिमार्गातच, आणि तेव्हा उपचार करून त्यांतल्या बऱ्याच जणी बऱ्या झाल्या. उलट शेक घेतलेल्यांच्या लघवीच्या आणि शौचाच्या तक्रारी पंधरा वर्षांनीही उरल्या होत्या.

म्हणून शेक कुणालाच नको, असे नव्हे. वय, गाठीची जात, ती स्नायूत किती खोल गेली, यावर धोका ठरतो. आता गाठीच्या जनुकांची तपासणीही होते. अक्काची गाठ निम्म्याहून खोल गेली होती. अशा मध्यम-अधिक धोक्याच्या 427 जणींवरचा त्याच देशातला दुसरा अभ्यास 2010 सालचा. त्यात नुसत्या आतून, योनिमार्गात दिलेल्या शेकानेही तिथला रोग उलटण्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आतच राहिले, आणि जुलाबाचा त्रास पुष्कळ कमी झाला.

हे सारे डॉक्टरांनी नीट समजावले. पण आम्हा दोघा पुरुषांना. खोलीत खुर्च्या दोनच होत्या. अक्का मागे तपासणीच्या टेबलावर पाय लोंबकळत बसली होती. माझे मत विचाराल तर तिला पुढे बसवायला हवे होते, आणि हे मला तिथे सुचले नाही, याची लाज वाटते.

शेवटी तीच मागून म्हणाली, "डॉक्टर, मला महिन्यातून दोनदा एस्टीनं गावी जावं लागतं. चार तास गाडी कुठं थांबत नाही. त्यातला कुठला शेक चालेल?"

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.