दहावा नंबर

मंडळी, आज विषय फुटबॉलचा आहे. दचकू नका. जन्मभर इतिहास आणि मराठी शिकवलेल्या बाईला फुटबॉलमधलं काय कळतं, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात येईलच. फारसं कळत नाही, हे मी आधीच सांगून टाकते. 'ऑफसाइड' मला अजूनही दर वेळी नव्याने समजावून घ्यावं लागतं. पण गुणपत्रिका मात्र वाचता येते, आणि आज जे लिहायचंय ते एका गुणपत्रिकेबद्दलच आहे.

झालं असं, की आमचे नातू महाशय जुन्या प्रीमियर लीगचे तक्ते बघत बसले होते. मी शेजारी शेंगा सोलत होते. २००९-१० चा तक्ता आला तेव्हा मी म्हटलं, "थांब जरा, ब्लॅकबर्न कितवे आहेत बघ." तो म्हणाला, "दहावे. पण आजी, तो सीझन कोण लक्षात ठेवतं? मिड-टेबल म्हणजे ना इकडचे ना तिकडचे. ना कप, ना रडारड."

ना कप, ना रडारड.. हे वाक्य दोन दिवस डोक्यातून गेलं नाही.

ब्लॅकबर्न रोव्हर्सशी माझा संबंध कसा, तर आम्ही पुण्याचे म्हणून. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या 'व्हेंकीज'ने हा क्लब विकत घेतला. अंडी आणि कोंबड्यांच्या धंद्यातली आपली ओळखीची कंपनी, आणि क्लब इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीतला! किंमत २ कोटी ३० लाख पौंड, वर क्लबवरचं कर्ज वेगळं. तेव्हा पेपरात ते वाचून मलाही उगाच बरं वाटलं होतं. ज्या लँकेशायरच्या गिरण्यांनी आमच्या विणकरांचे माग बंद पाडले असं मी दर वर्षी आठवीला शिकवायचे, त्या लँकेशायरचा क्लब पुणेकराच्या खिशात! इतिहासाच्या बाईला असा सूड गोड लागणारच.

हे ब्लॅकबर्न म्हणजे साधारण साताऱ्याएवढं गाव. कापडगिरण्यांचं. अमेरिकेत १८६१ ला यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि या भागातल्या गिरणी कामगारांवर उपासमारीची पाळी आली. मग त्यांना हिंदुस्थानातला 'सुरत' कापूस वापरावा लागला. तो आखूड धाग्याचा, सारखा तुटायचा, म्हणून विणकर त्याच्या नावाने बोटं मोडायचे. पुढे शंभर वर्षांनी त्याच सुरत-भडोचकडची माणसं याच गिरण्यांत कामाला गेली आणि तिथलीच झाली. १९३१ मध्ये गांधीजी गोलमेज परिषदेला गेले तेव्हा शेजारच्या डार्वेनला जाऊन तिथल्या कामगारांना भेटून आले होते. विदेशी कापडावरच्या बहिष्काराची झळ त्यांना लागली होती, तरी त्यांनी गांधीजींचं प्रेमाने स्वागत केलं. विषयांतर झालं खरं. पण गाव कसलं आहे हे कळल्याशिवाय त्याचा दहावा नंबर कळायचा नाही.

क्लब १८७५ चा. १८८८ मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या मूळ बारा क्लबांपैकी एक. ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये आहे, अर्थ 'कौशल्याने आणि कष्टाने'. १९९५ मध्ये हा क्लब चक्क विजेता झाला होता. जॅक वॉकर नावाच्या गावच्याच पोलाद-व्यापाऱ्याने त्यासाठी पैसा ओतला. आणि चारच वर्षांनी, १९९९ मध्ये, तोच क्लब खालच्या श्रेणीत घसरला. २००१ मध्ये परत वर आला. म्हणजे शिखर आणि दरी दोन्ही या लोकांनी एकाच दशकात पाहिलेली.

आता तो २००९-१० चा तक्ता. वीस संघ, प्रत्येकाचे ३८ सामने. जिंकलात तर ३ गुण, बरोबरीला १, शेवटचे तिघे खालच्या श्रेणीत. ब्लॅकबर्न १३ जिंकले, ११ बरोबरीत सोडवले, १४ हरले. गुण ५०. केलेले गोल ४१, खाल्लेले ५५! केले त्यापेक्षा १४ जास्त खाल्ले आणि तरी वीसात दहावे. हे कसं?

मी ते एकेक करून पाहिलं (निवृत्त माणसाला वेळ असतो). ४ ऑक्टोबरला आर्सेनलकडे जाऊन ६-२ ने हरले. २४ ऑक्टोबरला चेल्सीकडे ५-० ने. या दोन सामन्यांतच ९ गोलांची तूट. पण या दोन्हींच्या मधे, १८ तारखेला, घरच्या मैदानावर बर्नलीला ३-२ ने हरवलं. बर्नली म्हणजे शेजारचं गाव आणि शंभर वर्षांचं भांडण. ते तेहतीस वर्षांनी पहिल्या श्रेणीत आले होते. म्हणजे मोठ्यांकडून मार खाल्ला, पण जिथे जिंकायलाच हवं होतं तिथे बारक्या फरकाने का होईना, जिंकले. मार्चमध्ये बर्नलीच्या घरी जाऊनही १-० ने जिंकून आले. डन नावाच्या खेळाडूच्या पेनल्टीवर, आणि ती पेनल्टी जरा संशयास्पदच होती म्हणतात. असो.

घरच्या १९ सामन्यांत ते फक्त तीन हरले. ज्या चेल्सीने त्या वर्षी १०३ गोल करून अजिंक्यपद घेतलं, त्यांना ब्लॅकबर्नमधून १-१ अशी बरोबरी घेऊन परत जावं लागलं. त्या दिवशी फिल जोन्स नावाचं अठरा वर्षांचं पोर लीगमध्ये पहिल्यांदा उतरलं होतं. मँचेस्टर युनायटेडला ०-० वर रोखलं, आणि युनायटेडचं अजिंक्यपद शेवटी एका गुणाने हुकलं. ऑक्टोबरात सहा गोल चढवणाऱ्या आर्सेनलला मे महिन्यात २-१ ने हरवलं. लीग कपात चेल्सीला पेनल्ट्यांवर बाहेर काढून उपांत्य फेरी गाठली.

आणि हे सगळं कशाच्या जोरावर? आदल्या उन्हाळ्यात त्यांचा नावाजलेला गोल करणारा, सांता क्रूझ, मँचेस्टर सिटीने उचलून नेला होता. लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल केले ते डनने, नऊ. तो मधल्या फळीतला खेळाडू. मॅनेजर सॅम अलार्डाइस. धिप्पाड माणूस. ऐन हंगामात, नोव्हेंबरमध्ये, त्याच्या हृदयावर उपचार करावे लागले, काही सामने तो नव्हता. संघाचा खेळ म्हणाल तर बघवत नाही असाच. गोलकीपर रॉबिन्सन लांबून बॉल उंच टोलवणार आणि पुढे सांबा नावाचा आडदांड बचावपटू उडी मारणार. नातवाने एक सामना लावून दाखवला, मला पंधरा मिनिटांत डुलकी आली. पण परीक्षेत सुंदर अक्षराला किती गुण असतात? दोन-चार. बाकीचे उत्तरालाच.

त्याच तक्त्याच्या तळाशी पोर्ट्समथ आहे. २००८ मध्ये या क्लबने मानाचा एफ. ए. कप जिंकला होता. दोन वर्षांत दिवाळखोरीची कारवाई, शिक्षा म्हणून ९ गुण कापले, आणि शेवटचा नंबर. ज्यांना 'कप' मिळाला होता त्यांचीच 'रडारड' झाली होती. बर्नलीही घसरले, ३० गुणांवर. नातवाला मी हे दाखवलं तर तो म्हणतो, "हो, पण पोर्ट्समथवाल्यांना आठवायला कप तर आहे!" या मुलांशी बोलणं कठीण असतं, कारण कधीकधी त्यांचं बरोबर असतं.

तर असा दहावा नंबर कमावलेला क्लब नोव्हेंबरात पुण्याला आला. १३ डिसेंबर २०१० ला अलार्डाइसची गच्छंती. त्याच्या दोन आठवडे आधी मँचेस्टर युनायटेडने ७-१ असं झोडपलं होतं, नुकताच बोल्टनकडेही पराभव झाला होता, हे खरंच आहे. पण संघ होता तेरावा. तेव्हा मालकांकडून जे सांगितलं गेलं त्याचा आशय असा होता, की आम्हाला चौथा-पाचवा किंवा त्याहून वरचा नंबर हवा, दहावा-बारावा-तेरावा नको.

हे वाचून मला आमचा 'निकालाचा दिवस' आठवला. कारण हे वाक्य मी पुण्यात अगणित वेळा ऐकलंय. मुलाला त्रेपन्न टक्के मिळालेले असतात. गेल्या वर्षी पन्नास होते. घरी एकच खोली, वडील पाळीवर, आणि तरीही पोराने तीन टक्के ओढून आणलेले. आणि पालक म्हणतात, "बाई, त्रेपन्न म्हणजे काय हो, ऐंशीच्या पुढे पाहिजे." मग सहामाहीनंतर शिकवणी बदलायची, बाक बदलायचा, कधी शाळाच बदलायची. असा एक मुलगा माझ्या वर्गात होता. दोन वर्षं नेमाने पन्नाशीत असायचा. दिवाळीनंतर त्याची ओळखीची शिकवणी सोडवून मोठ्या नावाच्या क्लासला घातला, आणि वार्षिक परीक्षेत तो तीन विषयांत बसला.

पालकांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. त्याच्या गुणपत्रिकेवरचा शेरा मात्र माझ्या अक्षरात होता : 'अधिक प्रयत्नांची गरज'. चाळीस ते साठ टक्क्यांतल्या प्रत्येक मुलाला मी हाच शेरा लिहीत असे. वर्गात साठ-पासष्ट मुलं, गुणपत्रिका हाताने लिहायच्या, रात्री अकरा वाजलेले. पहिल्या पाचांसाठी मी शब्द शोधायचे, नापासांसाठीही शोधायचे. मधल्यांसाठी तो एकच, शिक्क्यासारखा. तो मुलगा आधीच जितके प्रयत्न करत होता त्याहून अधिक करायला त्याच्या दिवसात तास शिल्लक होते की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

पुढची गोष्ट झटपट सांगते. स्टीव्ह कीन नावाच्या प्रशिक्षकाला बढती देऊन मॅनेजर केलं. त्या मोसमाअखेर ४३ गुण, पंधरावा नंबर, तोही शेवटच्या दिवशी वुल्व्ह्जला त्यांच्याच मैदानावर हरवून जीव वाचला. तो अठरा वर्षांचा जोन्स मँचेस्टर युनायटेडला गेला. पुढच्या हिवाळ्यात कप्तान नेल्सन गेला, सांबाही गेला. मधल्या काळात खेळाडू चिकन खातायत अशी जाहिरात निघाली, संघ बालेवाडीला येऊन पुण्याच्या संघाशी खेळूनही गेला. आणि ७ मे २०१२ ला घरच्या मैदानावर विगनकडून ०-१ ने हरून क्लब खाली गेला. ३१ गुण, एकोणिसावा. त्या दिवशी चिडलेल्या प्रेक्षकांनी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली एक कोंबडी मैदानात सोडली होती. दुसऱ्या दिवशी पेपरात ते वाचून मला हसू आलं नाही. आमच्या गावच्या नावाने तिकडे चाललेलं होतं ते सगळं. २०१७ मध्ये क्लब आणखी एक श्रेणी खाली गेला, वर्षभरात परत आला. पण पहिली श्रेणी २०१२ ला सुटली ती सुटलीच.

मालकांनी लुबाडलं वगैरे जे बोललं जातं त्यात मी पडणार नाही. उलट नंतरची कितीतरी वर्षं तोट्यात चाललेल्या क्लबमध्ये त्यांनीच पैसे घातले आहेत. महत्त्वाकांक्षा वाईट असंही माझं म्हणणं नाही. लेस्टर २०१५ मध्ये चौदावे होते आणि पुढच्याच वर्षी पहिले आले, हे नातवाने मला तीनदा ऐकवलंय. माझं म्हणणं एवढंच, की मालकांना तो तक्ता वाचता आला नाही. दहाव्या नंबराकडे त्यांनी 'वर जायचं राहिलंय' असं पाहिलं. त्याच्या खाली किती संघ धापा टाकत होते आणि न घसरण्यासाठी त्या म्हाताऱ्या डनला, त्या दुखऱ्या हृदयाच्या अलार्डाइसला दर शनिवारी काय काय करावं लागत होतं, ते त्यांच्या हिशोबात आलंच नाही. अलार्डाइस क्रीडांगणावरचा रसिक नव्हे, पण कोणत्या सामन्याचे गुण आपल्याला परवडतात आणि कोणत्या नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

काल रात्री नातवाला म्हटलं, त्या २००९-१० च्या संघाला शेरा लिहायचा झाला तर काय लिहशील? तो म्हणाला, "बोअरिंग." मग थोडं थांबून म्हणाला, "पण आजी, घरी फक्त तीन हरले?"

"तीन," मी म्हटलं. "मँचेस्टर सिटी, टॉटनम आणि एव्हर्टन."

त्याने फोन काढून खात्री करून घेतली.