रोजा, बातमी आणि तीन प्रश्न

संध्याकाळची कसारा लोकल आसनगावला पोहोचण्याआधीच इफ्तारची वेळ झाली, तर रोजेदार डब्यातच खजूर खाऊन रोजा सोडतात. याच प्रवासात मोबाइलवर आरोग्याच्या बातम्याही वाचल्या जातात. एक सांगते, उपवासाने कर्करोग बरा होतो; दुसरी सांगते, उपवास हृदयाला घातक. हवाला दोन्हींना संशोधनाचाच. अशा वेळी तीन प्रश्न विचारावेत: अभ्यास कोणावर झाला, कसा झाला आणि शंभरात किती जणांना फरक पडला?

१८ मार्च २०२४ रोजी, ऐन रमजानमध्ये, अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या शिकागो परिषदेतून बातमी आली. दिवसभराचे खाणे आठ तासांच्या आत उरकणाऱ्यांना हृदयविकाराने मृत्यूचा धोका ९१ टक्के अधिक! प्रत्यक्षात सुमारे २० हजार अमेरिकी प्रौढांना केवळ दोन दिवसांच्या खाण्याविषयी विचारून त्यांची सवय ठरवली होती. आठ तासांच्या गटात ४१४ जणच होते. ते आधीच आजारी असल्यामुळे कमी खात होते का, हे अशा पाहणीतून पक्के कळत नाही. तेव्हा पूर्ण शोधनिबंधही प्रसिद्ध झाला नव्हता. मुख्य म्हणजे, हा रमजानच्या रोज्याचा अभ्यास नव्हताच.

मनाला सुखावणारी बातमीही तपासावी. पेशी स्वतःतील निकामी भाग मोडून पुन्हा वापरतात. या प्रक्रियेवरील संशोधनासाठी जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले. त्यांचे मूळ प्रयोग यीस्टवर झाले. ‘रोज्याने कर्करोग बरा होतो, हे नोबेलने सिद्ध केले’ हा संदेश म्हणूनच खोटा आहे.

मग रोजेदारांवर अभ्यास झालेच नाहीत का? झाले आहेत. २००१ मध्ये भारतासह १३ देशांतील १२ हजारांहून अधिक मधुमेहींची पाहणी झाली. टाइप २ मधुमेहींमध्ये रुग्णालय गाठावे लागेल इतकी साखर उतरण्याचे प्रमाण रमजानमध्ये साडेसात पट आढळले. आकडा भीतिदायक वाटतो. पण मूळ प्रमाण महिन्याला हजारात ४ होते, ते शंभरात ३ झाले. म्हणजे बहुतेकांवर ती वेळ आली नाही, तरी धोका खरा आहे.

हा हिशेब कळला की रोजा सोडून देण्याची घाई होत नाही आणि मनानेच गोळ्या बंद करण्याचे धाडसही होत नाही. आसनगाव-शहापूरच्या मधुमेहींनी रमजानपूर्वीच डॉक्टरांना भेटून औषधांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा तिथेच सोडावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात.

आजाऱ्याला कुरआननेच सवलत दिली आहे. ती घ्यायची की नाही, हे मोबाइलवरच्या मथळ्यावरून नव्हे, तर डॉक्टरांच्या तपासणीवरून ठरवावे.