खळ वाळेपर्यंत

सहा चौकोन, २४ कामट्या, १२ सांधे. पारंपरिक आकाशकंदिलाचा सांगाडा एवढ्यात होतो. वीतभर लांबीच्या चार कामट्यांचा एक चौकोन, असे सहा. एक तळाला, एक माथ्याला आणि मधले चार टोकावर उभे. टोकाला टोक दोऱ्याने बांधत गेले, की चौकोनांच्या मधल्या जागांत आठ त्रिकोण आपले आपण तयार होतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे पहिल्यांदा दिसते, तेव्हा ते बोट ठेवून पुन्हा मोजून बघते. कामट्या तर सगळ्या चौकोनांतच संपल्या होत्या, मग हे त्रिकोण आले कुठून?

पण हा सांगाडा लगेच ताठ उभा राहत नाही. चौकोनाचा स्वभावच कलण्याचा. एक कलला की शेजारचा कलतो आणि हातातला कंदील पिळा पडल्यासारखा खाली बसतो. मूल रडकुंडीला येते. नेमक्या याच वेळी बाबांचा हात पुढे होतो : ‘दे इकडे.’ या दोन शब्दांपायी जेवढे कंदील मुलांच्या हातून गेले, तेवढे बाजारानेही नेले नसतील.

वास्तविक त्या घटकेला करण्यासारखे काही नसते. कंदिलाला ताठपणा येतो तो कागदामुळे. खळीने भिजलेला पतंगी कागद आधी सुरकुततो, सैल पडतो, रंग हाताला सोडतो, बघवत नाही. तो तसाच रात्रभर कपाटावर ठेवायचा. वाळताना कागद आक्रसतो, चौकोनाला चारी बाजूंनी ताणून धरतो आणि काल डुलणारा सांगाडा सकाळी गुमान उभा असतो. कागदावर टिचकी मारली तर टण्ण वाजतो. हे घाई करून होत नाही, पंख्याखाली ठेवून तर नाहीच. कागद उडतो आणि भलत्याच कामटीला चिकटतो. दिवाळीच्या तोंडावर आमचे सांगणे एवढेच आहे की, खळ वाळेपर्यंत थांबण्याची ही एक रात्र मुलांना मिळू द्या.

खळीचेही एक शास्त्र होते. चमचा-दोन चमचे मैदा थंड पाण्यात कालवायचा, मग मंद आचेवर ढवळत राहायचे. हात थांबला की गुठळी झालीच. कुणी चिंचोक्याची खळ करी. ती जास्त चिवट. झुरळांनी कागद खाऊ नये म्हणून काही घरांत चिमूटभर मोरचूद घालत. ते विष आहे. मुलांचे हात त्या भांड्यात जाणार असतील तर झुरळांनी दोन-चार त्रिकोण खाल्लेले परवडतील. डिंकाची तयार बाटली आहेच. पण गॅससमोर स्टुलावर उभे राहून खळ ढवळायला मिळणे हा लहान मुलाला फार मोठा मान वाटतो, हे ज्यांनी ती ढवळली त्यांना वेगळे सांगायला नको.

घरचा कंदील म्हटले की दोन युक्तिवाद हमखास कानावर येतात. पहिला पर्यावरणाचा. राज्यात २०१८ साली प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आली, २०२२च्या जुलैपासून एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या काही वस्तू देशभर बंद झाल्या. ते योग्यच. पण २४ कामट्यांनी पृथ्वी वाचत नाही, आणि मुलाच्या हातात दोरा देताना त्याच्या डोक्यावर पृथ्वीही देऊ नये. दुसरा युक्तिवाद संस्कृतीचा. कार्तिकात उंच वेळूवर आकाशदिवा लावायची रीत जुनी. पितरांना वाट दिसावी, हा त्यामागचा भाव. पण ‘कंदील’ हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला आणि अरबीतही तो हिंडत हिंडतच पोहोचला; मूळ लॅटिन ‘कँडेला’, म्हणजे इंग्रजांची मेणबत्तीही त्याची चुलतबहीणच. तिकडे गोव्यात दिवाळीचे कंदील उतरले की नाताळची नक्षत्रे चढतात. तीही कामटीची, तीही कागदाची, आणि ती करताना मुलांची बोटे तशीच चिकट होतात.

विकतचा कंदील आणणाऱ्यांना बोल लावायचाही आमचा इरादा नाही. माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीआधी फेरी मारून पाहावी. तिथे हाताने केलेल्या कंदिलांच्या रांगा लागतात आणि त्यांवर अनेकांचा सणाचा खर्च निघतो. ते विकत घ्यावेत, चांगल्या किमतीला घ्यावेत. आमची तक्रार आहे ती त्या कंदिलाविषयी, जो मुलाच्या नावावर जमा होतो आणि प्रत्यक्षात मुलाने केलेलाच नसतो. शाळेच्या कंदील स्पर्धेत कोपरान् कोपरा जुळलेल्या, सोनेरी किनारीच्या ज्या नमुन्याला पहिले बक्षीस मिळते, तो कुणी रात्री एक वाजेपर्यंत जागून केला हे परीक्षकांसकट सगळ्यांना माहीत असते. मुलालाही माहीत असते, आणि टाळ्या घ्यायला पाठवतात त्यालाच. सुट्टीतल्या कार्यशाळांचा प्रकार थोडा निराळा. आधीच कापलेली कार्डशीट, घडीच्या खुणा, चिकटपट्टी. दीड तासात कंदील हातात आणि फोटो गटावर. तिथे काही वाळायचेच नसते.

‘आम्हाला वेळ कुठे आहे?’ असे आईबाप म्हणतात, आणि ते खोटे नाही. सहामाही परीक्षा संपते तेव्हा घरात फराळाचा घाणा चालू असतो आणि कचेरीतून सुट्टी मिळते ती लक्ष्मीपूजनाची. पण एक गोष्ट आपण विसरतो. पूर्वीच्या आईबापांनाही वेळ नव्हता. बाप दुसऱ्या पाळीला आणि आई चकल्यांच्या सोऱ्यापाशी. कंदील शिकवला तो चाळीच्या गॅलरीतल्या बारा वर्षांच्या दादाने. त्याला तो त्याच्याआधीच्या कुणीतरी शिकवलेला असे. झिरमिळ्या कापताना कागदाच्या किती घड्या घालायच्या, करंज्या चिकटवताना कडेलाच खळ का लावायची, बल्ब कागदाला टेकला तर काय होते (हे बहुधा एका कंदिलाचा बळी देऊन कळलेले असे), हे सारे पोरांकडून पोरांकडे जात होते. मोठ्यांचे काम वायर आणि होल्डर जोडण्यापुरते. आज सदनिकेचे दार बंद होते आणि आत एक मूल, एक मोबाइल आणि दमलेले दोघे उरतात. त्या एकट्या मुलाला शिकवायचा सगळा भार आईबापांवर येतो, मग त्यांनी ‘दे इकडे’ म्हटले तर नवल नाही.

तेव्हा सोसायट्यांनी यंदा डीजेच्या वर्गणीतले थोडे पैसे कामट्यांवर खर्चावेत. पार्किंगमध्ये दोन सतरंज्या घालाव्यात, सातवी-आठवीतल्या मुलांच्या हाती कात्री द्यावी आणि दुसरी-तिसरीतल्यांना त्यांच्या शेजारी बसवावे. स्पर्धा नको, परीक्षक नकोत. मोठ्यांनी वरच्या मजल्यावरून चहा पाठवावा आणि शक्यतो वरच थांबावे. कामटीचा तुसा बोटात जाईल, तो काढायला मात्र खाली यावे.

आणि झालेला कंदील पुढल्या गॅलरीत लावावा. हे सांगावे लागते, कारण बऱ्याच घरांत विकतचा कंदील रस्त्याच्या बाजूला लागतो आणि मुलाचा मागे, कपडे वाळत घालायच्या दोरीजवळ, ‘तिथे वारा कमी लागतो’ असे सांगून. मुलाला वाऱ्याची दिशा कळते. कललेला का असेना, तो पुढेच राहू द्यावा. आता त्यात पूर्वीसारखा तापणारा साठ वॅटचा पिवळा बल्बही नसतो. एलईडीने कागद जळायची भीती फारशी राहिलेली नाही. संध्याकाळी बटण दाबले की कामट्यांच्या, गाठींच्या, कागदाखाली राहून गेलेल्या एखाद्या बोटाच्या ठशाच्या सावल्या छतावर पडतात. शेजारीपाजारी वर बघून ‘कुणी केला?’ म्हणून विचारतात. विकतच्या कंदिलाला हा प्रश्न कुणी विचारत नाही.

तुळशीचे लग्न आटोपले की कंदील उतरतो. तोवर राणी रंग उडून फिका पडलेला असतो, झिरमिळ्या अर्ध्या गळालेल्या असतात. जाणती माणसे कागद फाडून टाकतात आणि सांगाडा माळ्यावर ठेवतात, कारण पुढल्या वर्षी कागद तेवढा नवा लागतो. वर्षाने तो खाली येतो, धूळ झटकली जाते, तेव्हा दोन-तीन गाठी सैल झालेल्या निघतात. दोरा घेऊन धाकटी पुढे सरसावते, आणि गेल्या वर्षी रडकुंडीला आलेला थोरला मोठ्या माणसासारखा हात पुढे करून म्हणतो, ‘दे इकडे.’