दुसरा गाल आणि उलटा हात

चिंचवडगावात चापेकर बंधूंचे स्मारक आहे. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडणाऱ्या दामोदर चापेकरांचे हे गाव. दामोदरपंतांना 1898 मध्ये आणि बाळकृष्ण व वासुदेव या त्यांच्या धाकट्या बंधूंना 1899 मध्ये फाशी झाली. या हुतात्म्यांविषयी बोलणे निघाले की एक वाक्य हमखास कानी पडते : 'एका गालात मारली तर दुसरा पुढे करणाऱ्यांतले ते नव्हते.' वाक्याला टाळ्या मिळतात. ते मूळ कोणाचे, असे विचारले तर बहुतेक जण गांधीजींचे नाव घेतात.

वस्तुतः ते गांधीजींचे नव्हे. बायबलच्या नव्या करारातील मत्तयाच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, 39 वे वचन म्हणून ते येते. लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण घेत असताना गांधीजींनी ते वाचले आणि त्याने आपल्याला अपार आनंद झाला, असे आत्मचरित्रात नमूद केले. मात्र याच गांधीजींनी 11 ऑगस्ट 1920 च्या 'यंग इंडिया'त लिहिले की, भ्याडपणा आणि हिंसा या दोहोंतूनच निवड करावयाची असेल तर आपण हिंसेचा सल्ला देऊ. हे वाक्य सभांतून फारसे ऐकू येत नाही. खंडन करण्यापूर्वी पूर्वपक्ष नेमकेपणाने मांडावा, ही आपल्या शास्त्रार्थाची जुनी शिस्त. या वचनाच्या बाबतीत ती आपण पाळलेली नाही. टिंगल करणाऱ्यांनी नाही आणि गोडवे गाणाऱ्यांनीही नाही.

मूळ वचनात एक शब्द आहे, जो आपल्या म्हणीत गळून पडला : 'उजवा'. कोणी तुझ्या उजव्या गालावर मारली तर, असे तेथे म्हटले आहे. समोर उभ्या माणसाच्या उजव्या गालावर उजव्या हाताने चपराक मारून पाहावी. तळहाताने ती बसत नाही. तळहात डाव्या गालावर पडतो. उजव्या गालावर मारायचे तर हात उलटा फिरवावा लागतो. डावा हात त्या समाजातही, आपल्याकडच्यासारखाच, अशुद्ध कामांचा. तेव्हा हा उलट्या हाताचा फटका. तो बरोबरीच्या माणसाला सहसा मारीत नसत. मालक गुलामाला आणि वरचढ दुबळ्याला मारी. त्यात इजेपेक्षा अवमान मोठा.

हे केवळ तर्काने म्हटलेले नाही. 'मिश्ना' हा ज्यूंचा धर्मशास्त्रीय संग्रह इसवी सनाच्या 200 च्या सुमारास सिद्ध झाला. त्यात मारहाणीच्या भरपाईचे दर दिले आहेत. थप्पड मारली तर 200 झूझ. उलट्या हाताने मारली तर 400. झूझ म्हणजे ढोबळमानाने रोमन दिनार, आणि द्राक्षमळ्यातील मजुराचा दिवसाचा रोज मत्तयानेच एक दिनार सांगितला आहे. म्हणजे उलट्या हाताच्या एका फटक्याची किंमत वर्षभराच्या मजुरीहून अधिक. गालावर वळ कोणत्याही हाताने सारखेच उठतील, तरी दर दुप्पट. कारण मोजली जात होती ती अब्रू.

आता दुसरा गाल पुढे करण्याचा अर्थ उलगडू लागतो. डावा गाल समोर आला की उलटा हात चालत नाही. मारायचेच असेल तर तळहाताने किंवा मुठीने मारावे लागेल, आणि तसे मारणे म्हणजे समोरच्याला आपल्या बरोबरीचा मानणे. वॉल्टर विंक या अमेरिकन अभ्यासकाने हा अर्थ विशेष आग्रहाने मांडला. अर्थात तो सर्वमान्य नाही. लूकच्या शुभवर्तमानात हेच वचन 'उजवा' या शब्दावाचून आले आहे, हा मोठाच आक्षेप. टॉलस्टॉयने तर या उपदेशाचा अर्थ अक्षरशः घेतला, सैन्य आणि न्यायालये दोन्ही नाकारली, आणि 1894 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाने गांधीजी भारावून गेले. तेव्हा शब्दशः अर्थ घेणारे सगळेच अजाण होते, असे म्हणता येणार नाही. परंतु लगतच्या 38 व्या वचनात 'डोळ्याबद्दल डोळा' या जुन्या नियमाचा उल्लेख आहे. तो नियमही सूड उकळण्यासाठी नव्हता. एका डोळ्याबद्दल एकच, त्याहून अधिक नाही, अशी ती मर्यादा होती. येशू ती आणखी आवळतो. अपमानाची परतफेड अपमानाने करू नकोस, इतके तरी त्यातून निश्चित निघते.

राष्ट्राने सीमेवर काय करावे, याचा विषय मात्र तेथे नाही. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात राज्यकर्त्याच्या हाती तलवार उगाच नसते, असे स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे देशाच्या संरक्षणाचा प्रश्न निघाला की हे वचन पुढे करणारा आणि त्याच प्रश्नावर त्याची खिल्ली उडवणारा, दोघेही एकाच चुकीचे भागीदार. (प्लेगच्या दिवसांत पुण्याच्या घराघरांत शिरलेल्या गोऱ्या सोजिरांपर्यंत त्यांच्याच धर्मग्रंथातील हे पान पोहोचले नव्हते, हेही खरेच.)

चिंचवडहून देहू काही फार दूर नाही. महिपतींनी सांगितलेली मंबाजीची कथा तिथल्या पोरासोरांना ठाऊक असते. मंबाजीने तुकोबांना काटेरी फांद्यांनी झोडपले. रात्री कीर्तनाला मंबाजी आला नाही, तेव्हा तुकोबा स्वतः त्याच्याकडे गेले आणि मारून मारून हात दुखले असतील म्हणून त्याचे अंग चेपू लागले. याच तुकोबांनी दुर्जनाची गय करू नये, असेही कठोर शब्दांत सांगितले आहे. त्यांच्यात विसंगती आहे, असे कोणाही वारकऱ्याला वाटत नाही. स्वतःचा अपमान गिळणे वेगळे आणि समाजावरचा अन्याय सोसणे वेगळे, हा विवेक त्याला शिकवावा लागत नाही.

चाकण-भोसरीच्या कारखान्यांतील माणसाला या वचनाची आणखी एक बाजू चटकन कळेल. शॉपवर वरिष्ठाने हात उचलला आणि कामगाराने तिथल्या तिथे उलट हात उचलला, तर गैरवर्तन दोघांचेही नोंदले जाऊ शकते आणि नोकरीवर गदा बहुधा खालच्याच्या येते. तोच कामगार हात आवरून म्हणाला, 'माझी चूक काय ते लिहून द्या, चौकशी लावा. चूक नसेल तर हात का उचललात ते सांगा,' तर पारडे फिरते. 1946 च्या स्थायी आदेशांच्या कायद्यापासून आपल्या औद्योगिक न्यायाने आरोपपत्र आणि चौकशी यांना जे स्थान दिले, त्याचे मर्म याच मागणीत आहे. हात न उचलणारा तेथे दुबळा ठरत नाही.

आणि गंमत अशी की, ही मागणी जवळजवळ याच शब्दांत खुद्द येशूने केलेली आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील अठरावा अध्याय उघडून पाहावा. अटकेनंतर हन्ना या माजी प्रमुख याजकासमोर चौकशी चालू असताना एका शिपायाने येशूला चपराक मारली. ज्याच्या नावावर दुसऱ्या गालाचे वचन आहे, त्याने त्या क्षणी दुसरा गाल पुढे केल्याचे योहान लिहीत नाही. तो गप्पही बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस, असे त्याने विचारले. शिपायाने काही उत्तर दिल्याची नोंद नाही. पुढच्याच वचनात हन्ना त्याला, बांधलेल्या अवस्थेतच, कयफाकडे पाठवून देतो.