उणे एक म्हणजे नेमकं काय?

सावेडीत कुठल्याही एटीएमपाशी रांगेत उभे राहा. आतून बाहेर येणारा माणूस मान हलवत म्हणतो, "होत नाहीये." झालं! मागचे तिघे तिथूनच परत. खरं तर बँकेकडून एक आकडा आलेला असतो. आयएसओ ८५८३ या नियमावलीत ५१ म्हणजे खात्यात पैसे कमी, ५५ म्हणजे पिन चुकला, ९१ म्हणजे बँकेची यंत्रणाच बंद. तिन्हींवरचा उपाय वेगळा. मागच्या माणसाने परत जायला हवं ते फक्त शेवटच्या आकड्याला.

मित्रांनो, आपण सी लँग्वेजमध्ये रोज हेच 'होत नाहीये' लिहितो. जर्नलमधलं कुठलंही फंक्शन काढा. फाइल नाही? रिटर्न उणे एक. परवानगी नाही? उणे एक. डिस्क भरली? तेच. ऑपरेटिंग सिस्टीमने बिचारीने 'एरनो'मध्ये नेमका आकडा ठेवलेला असतो (लिनक्सवर अनुक्रमे २, १३ आणि २८), तो आपण बघतसुद्धा नाही.

गेल्या सेमिस्टरला आमच्या विंगमधल्या एका ग्रुपला हे महागात पडलं. गिट चालवायला त्यांनी कुणा सीनियरचा छोटा सी प्रोग्रॅम घेतला होता. गिटचा मेसेज तो गिळून टाकायचा आणि काहीही बिघडलं तरी 'सेव्ह फेल्ड' म्हणायचा. डिस्क भरली होती, एवढंच. पण यांनी ठरवलं की रिपॉझिटरीच करप्ट झाली. अख्खं फोल्डर उडवलं आणि पुन्हा क्लोन केलं. पुश न केलेलं तीन दिवसांचं काम गेलं. गंमत म्हणजे फोल्डर उडवल्यामुळे जागा झाली, क्लोन बिनबोभाट उतरला, आणि आपलं निदान बरोबर होतं असंच ते अजून सांगतात!

कोणी म्हणेल, मेसेज नीट छापला की पुरे. मला नाही तसं वाटत. आकडा माणसाआधी प्रोग्रॅमला लागतो. खुद्द गिटच बघा. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली तो सुरू केला, तोही सीमध्येच. ब्रँचचं टोक कुठे आहे हे गिट आधी त्या ब्रँचच्या सुट्या फाइलमध्ये शोधतो. फाइल नसेल, म्हणजे २ आला, तर 'पॅक्ड-रेफ्स' या एकत्र यादीत बघतो. पण १३ आला, तर यादीकडे वळून चालणार नाही, कारण तिथली नोंद जुनी असू शकते. दोन्हींना उणे एक म्हटलं, तर गिट तुम्हाला शिळी ब्रँच ताजी म्हणून वाढेल.

आणि एरनो म्हणजे धर्मशाळा, कोणीही येतो आणि राहून जातो. ओपन फसल्यावर साफसफाईसाठी क्लोज किंवा अनलिंक बोलावलं की जुना आकडा पुसला जाऊ शकतो. म्हणून तो आधी एका व्हेरिएबलमध्ये जपायचा, साफसफाई करायची, मग परत ठेवायचा. तीन ओळी जास्त. कोड थोडा कुरूप दिसतो हे मान्य. गिटच्या लोकांनाही ही धर्मशाळा पुरेशी वाटली नाही. २०२१ साली त्यांनी ब्रँच वाचणाऱ्या त्याच फंक्शनला आकडा परत देण्यासाठी वेगळा पॅरामीटर दिला. १६ वर्षं मुरलेल्या सॉफ्टवेअरला एवढी काळजी घ्यावीशी वाटते, आणि आपण 'चालतंय ना' म्हणून जर्नलवर सही घेतो.

आमच्या सरांना एक विनंती. व्हायव्हाला एरनोची व्याख्या विचारू नका, ती सगळ्यांना पाठ आहे. लिनक्सच्या डेव्ह डिरेक्टरीत 'फुल' नावाची एक फाइल असते. तिच्यात लिहायला गेलं की हमखास २८ मिळतो. आमच्या प्रोग्रॅमचं आउटपुट तिच्याकडे वळवा. प्रिंटएफ आधी बफरमध्ये लिहितो, त्यामुळे चूक बहुतेक वेळा एफफ्लश किंवा एफक्लोजच्या वेळी कळते, आणि त्यांची रिटर्न व्हॅल्यू आमच्यातलं कोण तपासतं? बघा, किती प्रोग्रॅम एक अक्षरही न लिहिता ऐटीत शून्य रिटर्न करतात.