झुरळांच्या टबात काय अंथराल?

गेल्या पावसाळ्यात नऊ वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याची आई तिसऱ्यांदा दवाखान्यात आली. पहाटे खोकला, छातीत घरघर. आधी दोन्ही वेळा मी पंप लिहून दिला आणि घरात धूर, धूळ, मांजर आहे का एवढे विचारून मोकळा झालो होतो. या वेळी मुलगाच म्हणाला, ‘‘डॉक्टरकाका, माझ्या कॉटखाली पप्पांची झुरळं आहेत.’’

वाचकांनी नाक मुरडू नये. अरोवाना माशाला चारण्यासाठी ‘डुबिया’ ही दक्षिण अमेरिकेतली झुरळे हल्ली काही हौशी मंडळी पाळतात. (परदेशात तर मादागास्करची फुस्स करणारी झुरळे लाडाने पाळली जातात!)

वडिलांनी टबात वखारीतला लाकडाचा भुसा तीन बोटे अंथरला होता. माझ्या मते याहून वाईट निवड नाही. त्याची बारीक धूळ श्वासात जाते, पावसाळ्यात तो बुरशी धरतो आणि देवदार, पाइनसारख्या लाकडाचा उग्र अर्क किड्यांनाही बाधतो. शेतातल्या मातीत फवारणीचे औषध उतरलेले असू शकते.

पण खरी गोम अंथरुणात साचते त्याची. झुरळाची विष्ठा, लाळ, टाकलेली कात यांची वाळून पूड होते आणि ॲलर्जी येते ती तिचीच. १९९७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतील आठ शहरांतल्या ४७६ दमेकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. झुरळाची ॲलर्जी असलेली आणि झोपायच्या खोलीत ही पूड जास्त असलेली मुले इतरांच्या तिपटीहून अधिक वेळा इस्पितळात दाखल झाली होती. ती झुरळे बिनबोलावलेली होती, हे खरे. पण फुप्फुसाला पाळीव काय नि उपरे काय!

डुबियाला अंथरूण लागतच नाही. तळ मोकळा, त्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे करावेत, म्हणजे घाण दिसते आणि काढताही येते. मादागास्करवाल्यांना ओलावा लागतो. त्यांना काथ्याचा भुसा हाताला जेमतेम दमट लागेल असा द्यावा, बुरशी दिसताच फेकावा. साफसफाई अंगणात, तोंडाला मास्क लावून करावी. मुलाला ते काम सांगू नये. आणि टब झोपायच्या खोलीत तर मुळीच नको.

वडील जरा घुश्शातच होते, ‘‘एवढ्याशा किड्यांनी काय होतंय?’’ तरी टब मागच्या पडवीत गेला, भुसाही गेला. पंप मी अजून बंद केलेला नाही. दिवाळीनंतर पोरगा रात्री खोकत उठलेला नाही, असे आई सांगते.