‘कल्याणकारक’ आणि आपल्या कपाटातील बाटल्या

आयुर्वेदाचा इतिहास सांगताना चरक, सुश्रुत आणि वाग्भट या तीन नावांपाशी आपण बहुधा थांबतो. अग्निवेशाच्या तंत्रावर चरकाने संस्कार केला, पुढे दृढबलाने त्याची पूर्तता केली. ही विद्या अशी अनेक हातांनी घडली आहे. त्यांत आपल्या पूर्वाचार्यांचेही हात होते, याची आठवण मात्र आपल्याच घरांत पुसट होत चालली आहे.

चौदा पूर्वांपैकी बारावे ‘प्राणावाय’ हे आरोग्यविद्येचे मानले जाते. त्याच परंपरेचा आधार सांगणारा उग्रादित्याचार्यांचा ‘कल्याणकारक’ हा संस्कृत ग्रंथ नवव्या शतकातील आहे. त्या काळी राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग मान्यखेटास, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेडला, राज्य करीत होता. चरकसंहितेत अनेक प्राण्यांच्या मांसाचे गुणधर्म सांगितले आहेत. मद्यही औषधात वर्ज्य नाही. उग्रादित्यांनी मद्य, मांस आणि मधु वगळून चिकित्सा मांडली. एवढ्यावर न थांबता नृपतुंगाच्या सभेत वैद्यांसमोर औषधातील मांसाची निरर्थकता प्रतिपादन केली. ग्रंथाच्या अखेरीस असलेल्या ‘हिताहित’ प्रकरणात हा युक्तिवाद आहे. केवळ धर्माज्ञा न सांगता वैद्यांशी वैद्यकाच्याच भाषेत वाद घालणे, हे मला त्यातील मोठे धैर्य वाटते. हा ग्रंथ १९४० साली सोलापुरातून पं. वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांच्या संपादनाने छापून निघाला.

आज आयुर्वेदाकडे ओढा वाढला आहे, त्याची कारणे उघड आहेत. वैद्य झोप, भूक आणि कोठा यांची सावकाश चौकशी करतो. रुग्णाला कोणीतरी ऐकून घेतल्याचे समाधान मिळते. त्यात ‘नैसर्गिक’ या शब्दाची भुरळ. परंतु मालाची खातरजमा केल्याविना साठापत्रकावर सही न करणारे आपण व्यापारी लोक औषधाच्या बाटलीवरील घटकयादी मात्र वाचत नाही! अमेरिकेत बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. सर्वच औषधांवर त्यावरून शिक्का मारणे अन्यायाचे ठरेल. पण परवाना क्रमांक नसलेली पुडी घरात आणू नये, एवढे निश्चित. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना साखर उतरवणारा काढा घ्यायचा तर तो डॉक्टरांच्या कानावर घालावा; साखर एकाएकी फार खाली जाऊ शकते.

आणि व्रताचे काय? परंपरागत च्यवनप्राशात मध असतो. आसव-अरिष्टांत गूळ आणि धायटीची फुले घालून ते आंबवतात. त्यात मद्यार्क आपोआप तयार होतो. बाळंतिणीला दशमूलारिष्ट देणाऱ्या किती घरांना हे ठाऊक असेल? मुक्ता, प्रवाळ आणि शंख यांची भस्मेही जीवजन्यच. कोणी काय घ्यावे हे ज्याने त्याने आपल्या नियमाप्रमाणे ठरवावे. आजारपणात सवलत घेणाऱ्यास मी नावे ठेवणार नाही. पण घेताना ते माहीत असावे.

दशमूळांचा साधा काढाही मिळतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वैद्यांना विचारल्यास ते भरड लिहून देतात. तो रोज ताजा उकळावा लागतो, टिकत नाही आणि चवीला कडवट-तुरट असतो.